जत्रा वाहनतळावरची, बदनामी गावाची

नोव्हेंबर १९९७ मध्ये फिलाडेल्फिया शहराने थेट फुटबॉलच्या स्टेडियममध्येच कोर्ट थाटलं. व्हेटरन्स स्टेडियमच्या तळघरात न्यायाधीशांची खुर्ची मांडली गेली, कोठडीची सोय झाली आणि शेमस मॅकॅफरी हे न्यायाधीश सामना चालू असतानाच खटले निकालात काढू लागले. वर ईगल्स संघ खेळतोय आणि खाली मारामारी करणारे, दारू पिऊन धिंगाणा घालणारे प्रेक्षक रांगेत उभे राहून दंड भरतायत, असा तो प्रकार. ही वेळ आली ती दोनच आठवड्यांपूर्वीच्या एका सोमवारच्या रात्रीमुळे. सॅन फ्रान्सिस्को फॉर्टीनाइनर्सविरुद्धच्या त्या सामन्यात प्रेक्षकांमध्ये मारामाऱ्यांचा सपाटा लागला आणि एकाने तर संकटातल्या बोटी मदतीसाठी वापरतात ते आगीचा गोळा सोडणारं पिस्तूल भरल्या स्टेडियममध्ये झाडलं. सामना देशभर टीव्हीवर दाखवला जात होता. रात्रीचा सामना असला की मंडळींना प्यायला अख्खी दुपार आणि संध्याकाळ मिळते, हे अमेरिकेतल्या प्रत्येक क्लबला आणि प्रत्येक पोलीस ठाण्याला तेव्हाही ठाऊक होतं.

ही दुपार आणि संध्याकाळ जिथे जाते ती जागा म्हणजे स्टेडियमभोवतीचं अवाढव्य पार्किंग, आणि तिथे चालतं ते ‘टेलगेटिंग’. इथला फुटबॉल म्हणजे कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर खेळतात तो नव्हे. अंडाकृती चेंडूचा, हेल्मेट आणि खांद्यांवर गाद्या चढवून खेळायचा अमेरिकी फुटबॉल. सामन्याच्या चार-पाच तास आधी लोक गाड्या घेऊन येतात, गाडीचं मागचं दार उघडून त्याचाच ओटा करतात, कोळशाची किंवा गॅसची शेगडी पेटवतात, घडीची टेबलं मांडतात, बर्फाच्या पेट्यांतून बियर निघते. संघाच्या रंगाचे तंबू उभे राहतात. ओळखीचे-अनोळखी एकमेकांच्या ताटातलं खातात. या प्रथेचं मूळ सांगताना कोणी १८६९ मधल्या रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यातल्या पहिल्या महाविद्यालयीन सामन्याकडे बोट दाखवतं, तर कोणी थेट १८६१ च्या बुल रनच्या लढाईकडे, जिथे वॉशिंग्टनची मंडळी लढाई बघायला शिदोऱ्या बांधून गेली होती. मूळ काहीही असो, तिला आजचं रूप दिलं ते मोटारीने आणि शहराबाहेर, डांबरी पठारांच्या मधोमध बांधलेल्या स्टेडियमांनी.

सामने मोजके असतात, हेही एक मोठं कारण. व्यावसायिक एनएफएलमध्ये एका संघाचे घरच्या मैदानावर वर्षाला आठ किंवा नऊ नियमित सामने होतात, विद्यापीठांचे सहा-सात. क्रिकेटच्या किंवा बेसबॉलच्या लांबलचक हंगामासारखं ‘आज नाही तर उद्या’ असं इथे नसतं. म्हणून प्रत्येक घरचा सामना ही जत्राच होते, आणि जत्रेत जे जे येतं ते सगळं तिथे येतं: आप्तेष्टांच्या गाठीभेटी, खाणंपिणं, उधळण, आणि पोटात चार घोट जास्त गेल्यावर उठणारी भांडणंही.

टेलगेटिंग म्हणजे नुसती दारूबाजी असं समजणं अन्यायाचं होईल. मिसिसिपी विद्यापीठाच्या आवारात ‘द ग्रोव्ह’ नावाची सुमारे दहा एकरांची झाडी आहे. तिथे गाड्या येऊ देत नाहीत, उघडा जाळही चालत नाही. लोक तंबूत झुंबरं टांगतात, चांदीच्या तबकांत खाणं मांडतात, मुलं टाय लावून आणि मुली ठेवणीतले कपडे घालून येतात. कॅन्सस सिटीच्या ॲरोहेड स्टेडियमबाहेर तासन्‌तास मंद आचेवर भाजलेल्या मांसाचा वास पार्किंगच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भरून राहतो. तिथले लोक अभिमानाने सांगतात ते आपल्या बार्बेक्यूबद्दल. ग्रीन बेला सॉसेज भाजणाऱ्या कुटुंबांच्या पिढ्या त्याच त्या जागी गाडी लावत आल्या आहेत. शिकायला अमेरिकेत गेलेल्या मराठी मुलामुलींनाही अमेरिकी शेजारधर्माची पहिली ओळख बरेचदा अशाच एखाद्या शेगडीपाशी होते. कोणी तरी हातात कागदी बशी ठेवतं आणि पुढचा तासभर खेळाचे नियम समजावून सांगतं. हे सगळं खरं आहे, आणि म्हणूनच मूठभरांच्या दांडगाईने जे बिघडतं त्याची चीड यायला हवी.

लौकिक बिघडायला फार काही लागत नाही, हे फिलाडेल्फियाइतकं कोणालाच कळलेलं नाही. १५ डिसेंबर १९६८ चा सामना. ईगल्स त्या हंगामात तेरापैकी अकरा सामने हरून बसलेले. आदल्या रात्री बर्फ पडलेला, बाकं ओली. मध्यंतराच्या नाताळ-कार्यक्रमासाठी ठरलेला सांताक्लॉज आलाच नाही, म्हणून प्रेक्षकांत सांताचा पोशाख घालून आलेल्या एका तरुणालाच मैदानात फिरवलं गेलं. वैतागलेल्या प्रेक्षकांनी त्याच्यावर बर्फाचे गोळे फेकले. कोणाला इजा झाली नाही, आणि त्या पोरानेही ते मनावर घेतलं नाही. पण त्या शहराने सांताक्लॉजला बर्फाने मारलं ही गोष्ट अर्धं शतक उलटलं तरी टीव्हीवरचे समालोचक सांगत असतात. तेव्हा जन्मही न झालेल्या प्रेक्षकांच्या माथी ती मारली जाते. असा शिक्का बसला की पुढची प्रत्येक घटना त्याच्या पुराव्यादाखल वाचली जाते. जानेवारी २०१८ मध्ये पोलिसांनी चाहते चढू नयेत म्हणून शहरातल्या दिव्यांच्या खांबांना स्वयंपाकाची चरबी फासली, तरी लोक चढलेच. त्याच महिन्यात एकाने पोलिसाच्या घोड्याला गुद्दा मारल्याची बातमी झाली. दुसऱ्या शहरात या दोन गोष्टी दोन दिवसांत विसरल्या गेल्या असत्या. फिलाडेल्फियात त्या ‘बघा, म्हटलं नव्हतं?’ या सुरात छापून आल्या.

आकडे मात्र वेगळंच सांगतात. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने २०११ ते २०१५ या पाच हंगामांतल्या एनएफएल सामन्यांच्या दिवशी झालेल्या अटकांची माहिती ठिकठिकाणच्या पोलिसांकडून मागवली. सर्वांत वर आलं सॅन दिएगो, एका सामन्यामागे सरासरी चोविसावर अटका. समुद्रकिनाऱ्यावरचं, सुखवस्तू, निवांत म्हणून ओळखलं जाणारं हे शहर. तिथल्या चाहत्यांना दांडगट म्हणून कोणी नावं ठेवल्याचं आठवत नाही. अर्थ दोन निघतात. जास्त अटका म्हणजे जास्त गुंडगिरीच असं नाही, तिथले पोलीस जास्त कडकही असू शकतात. आणि चाहत्यांचं नाव गुन्ह्यांच्या नोंदीवरून पडत नाही, सांगायला सोप्या गोष्टींवरून पडतं. सांताक्लॉजला मारलेला बर्फाचा गोळा सांगायला सोपा आहे. पार्किंगमधल्या चोवीस अटकांची गोष्ट कोणी सांगत बसत नाही.

हे नाव कोण वापरतं, हेही बघायला हवं. बफेलो बिल्सचे चाहते गेली दहाएक वर्षं घडीच्या टेबलांसाठी जगभर माहीत झालेत. न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला, ऑर्चर्ड पार्क या गावातल्या स्टेडियमबाहेर हा खेळ चालतो. एक जण गाडीच्या टपावर चढतो, खाली गोल करून उभे असलेले मित्र ओरडत असतात, प्रत्येकाच्या हातात मोबाइल. टपावरचा गडी हात पसरतो, कुस्तीच्या शोमधल्या पहिलवानासारखा अंग झोकून देतो आणि खालचं प्लास्टिकचं टेबल मधोमध मोडतं. क्षणभर शांतता, उठला की जल्लोष. काहींनी टेबलाला आग लावून उड्या मारल्या, त्यात एकाच्या कपड्यांनी पेट घेतल्याचा व्हिडिओही फिरला. लागोपाठ चार सुपर बोल हरलेल्या आणि पुढे सतरा वर्षं बाद फेरीचं तोंड न पाहिलेल्या संघाच्या या चाहत्यांनी आपल्याला ‘बिल्स माफिया’ म्हणवून घ्यायला २०११ च्या सुमाराला सुरुवात केली. क्लब बराच काळ या नावापासून चार हात दूर राहिला. २०२० मध्ये मात्र त्याच क्लबने त्या नावाच्या ट्रेडमार्कसाठी अर्ज केला. बेताल वागण्यावर नाकं मुरडायची आणि तेच नाव टी-शर्टावर छापून विकायचं, असा हा मामला आहे. टीव्ही कंपन्याही वेगळ्या नाहीत. सामन्याआधीच्या कार्यक्रमात मोडणारं टेबल दाखवायचं आणि बातम्यांत त्याच चाहत्यांच्या वागण्यावर चर्चा घडवायची, हे दोन्ही एकाच वाहिनीवर चालतं.

या माणसांची दुसरी बाजू त्यामुळे झाकली जाते, आणि ती लहान नाही. ३१ डिसेंबर २०१७ रोजी सिनसिनाटीच्या अँडी डाल्टनने शेवटच्या क्षणी टाकलेल्या एका पासमुळे दुसऱ्याच सामन्याचा निकाल फिरला आणि बिल्सचा सतरा वर्षांचा वनवास संपला. बफेलोच्या चाहत्यांनी डाल्टन दांपत्याच्या धर्मादाय संस्थेला सतरा-सतरा डॉलरच्या देणग्या पाठवायला सुरुवात केली. रक्कम तीन लाख डॉलरच्या वर गेली. नोव्हेंबर २०२० मध्ये संघाचा क्वार्टरबॅक जॉश ॲलनची आजी वारली, तेव्हा त्याच्या जर्सीच्या सतरा या क्रमांकाची आठवण ठेवत शहरातल्या मुलांच्या इस्पितळाला दहा लाख डॉलरहून जास्त मदत जमा झाली, आणि इस्पितळाने एका विभागाला त्या आजीचं नाव दिलं. टेबलं मोडणारे आणि पैसे देणारे हे दोन वेगळे गट आहेत असं मानायला काही आधार नाही. बरेच जण तेच असणार.

पण देणग्यांनी दांडगाईचा हिशेब मिटत नाही, कारण तिची किंमत मोजणारे वेगळे असतात. मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी बेसबॉल आणि फुटबॉलच्या सोळा सामन्यांनंतर दारात उभं राहून बाहेर पडणाऱ्या ३६२ जणांच्या श्वासातली दारू मोजली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत सुमारे ४० टक्क्यांच्या रक्तात दारू होती, जवळपास ८ टक्के कायद्याने ठरवलेल्या मर्यादेच्या वर होते, आणि सामन्याआधी टेलगेटिंग केलेल्यांमध्ये झिंगलेलं असण्याची शक्यता इतरांच्या चौदापट होती. आठ टक्के हा आकडा छोटा वाटतो. साठ-सत्तर हजारांच्या स्टेडियममध्ये तो काही हजारांवर जातो, आणि त्यातले कितीतरी गाडी चालवत घरी जाणारे असतात.

विद्यापीठांच्या गावांमधलं चित्र याहून गंभीर आहे. डॅनियल रीस आणि केव्हिन श्नेपेल या अर्थशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये दाखवलं की घरच्या मैदानावर सामना असेल त्या दिवशी यजमान गावात हल्ल्यांचे गुन्हे सुमारे ९ टक्क्यांनी आणि तोडफोडीचे १८ टक्क्यांनी वाढतात. अनपेक्षित निकाल लागला की सर्वांत जास्त. २०१८ मध्ये आलेल्या दुसऱ्या एका अभ्यासाने, जेसन लिंडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या, आणखी जिव्हारी लागणारी गोष्ट मांडली. मोठा फुटबॉल कार्यक्रम असलेल्या विद्यापीठांत सामन्याच्या दिवशी १७ ते २४ वयोगटातल्या तरुणींवरच्या बलात्काराच्या तक्रारी २८ टक्क्यांनी वाढलेल्या आढळल्या. पार्किंगमधल्या गमतीजमतींच्या बातम्यांमध्ये ही ओळ क्वचितच येते. ती यायला हवी. एखाद्या विद्यापीठाचं नाव टिकवायचं तर आधी या मुलींचा विचार व्हायला हवा. तोडफोडीचा नंतर.

न्यायालयांपर्यंत गेलेली प्रकरणंही आहेत. १९९९ मध्ये न्यू जर्सीच्या जायंट्स स्टेडियममधून दारू पिऊन निघालेल्या एका चाहत्याने गाडी ठोकली आणि दोन वर्षांची एक मुलगी कायमची अपंग झाली. २००५ मध्ये ज्युरीने चाहता आणि स्टेडियममध्ये बियर विकणारी कंपनी यांच्यावर मिळून साडेतेरा कोटी डॉलरची भरपाई बसवली. अपिलात तो निवाडा रद्द झाला, पण झिंगलेल्या गिऱ्हाइकाला आणखी एक ग्लास दिला तर पुढच्या अपघाताची जबाबदारी आपल्यावर येऊ शकते, हे त्या दिवसापासून विकणाऱ्यांच्या डोक्यात बसलं. ऑगस्ट २०११ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कमध्ये फॉर्टीनाइनर्स आणि रेडर्स यांच्यात साधा सराव-हंगामातला सामना झाला. त्या रात्री पार्किंगमध्ये दोघांवर गोळ्या झाडल्या गेल्या, तर एकाला स्वच्छतागृहात बेदम मारहाण झाली. फॉर्टीनाइनर्सने सामना सुरू झाल्यावर पार्किंगमध्ये टेलगेटिंग करायला बंदी घातली आणि शेजारी शहरांमधली ती वार्षिक लढत काही वर्षं थांबली.

नाव बदलून नाव सुधारतं का? जॅक्सनव्हिलला वर्षानुवर्षं होत आलेल्या फ्लोरिडा आणि जॉर्जिया विद्यापीठांच्या सामन्याला १९५० च्या दशकात एका स्थानिक क्रीडा संपादकाने ‘जगातली सर्वांत मोठी उघड्यावरची कॉकटेल पार्टी’ असं म्हटलं. शहराने ते बिरुद कित्येक वर्षं मिरवलं, मग १९८० च्या दशकात सोडून दिलं. २००४ आणि २००५ अशी लागोपाठ दोन वर्षं त्या सामन्याच्या दिवसांत एकेका विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. तेव्हा २००६ मध्ये विद्यापीठांच्या संघटनेने टीव्ही वाहिन्यांना ते नाव उच्चारू नका अशी विनंती केली. वाहिन्यांनी ऐकलं. चाहते ते नाव आजही वापरतात. शहराला जे नको झालं ते चाहत्यांना हवंच होतं, कारण ते कित्येक वर्षं त्यांना शहरानेच शिकवलं होतं.

सरसकट बंदीही फारशी उपयोगी पडलेली दिसत नाही. मिशिगन स्टेट विद्यापीठाने १९९८ मध्ये मन फील्ड या टेलगेटिंगच्या आवडत्या मैदानावर दारू बंद करण्याचा निर्णय घेतला. त्या निर्णयाच्याच निषेधार्थ मे महिन्याच्या सुरुवातीला ईस्ट लान्सिंगमध्ये सुमारे तीन हजारांचा जमाव रस्त्यावर आला, आगी लागल्या, पोलिसांना अश्रुधूर सोडावा लागला. जो डाग पुसायचा होता तो आणखी मोठा होऊन देशभर दिसला.

याच्या उलट वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाने २०११ मध्ये केलेला प्रयोग वरवर उफराटा वाटतो, पण विचार करण्याजोगा आहे. तोवर तिथे मध्यंतराला स्टेडियमबाहेर जाऊन पुन्हा आत यायची मुभा होती. लोक बाहेर पडायचे, गाडीपाशी वीस मिनिटांत जमेल तेवढी दारू घशाखाली ओतायचे आणि परत आत यायचे. तेव्हाचे क्रीडा संचालक ऑलिव्हर लक यांनी बाहेर जाऊन परत येणं बंद केलं आणि त्याच वेळी आत बियर विकायला सुरुवात केली. आत बियर महाग असते, एका वेळी ठरावीकच मिळते, आणि विकणारा गिऱ्हाइकाकडे बघून नाही म्हणू शकतो. त्या हंगामात पोलिसांकडे येणाऱ्या तक्रारी घटल्या. नंतर अनेक विद्यापीठांनी हाच मार्ग धरला, आणि २०१९ मध्ये दक्षिणेकडच्या बलाढ्य विद्यापीठांच्या एसईसी संघटनेनेही सर्व प्रेक्षकांना दारू विकण्यावरची आपली बंदी उठवली. त्यामागे पैसा नव्हता असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. तरीही घटाघट पिण्याची ती वीस मिनिटं काढून घेणं हा उपाय खरा होता.

येल विद्यापीठाने वेगळी वाट घेतली. १९ नोव्हेंबर २०११ रोजी हार्वर्डविरुद्धच्या सामन्याआधी भाड्याचा एक ट्रक टेलगेटिंगच्या जागेत घुसला आणि एका स्त्रीचा जीव गेला. काही आठवड्यांतच विद्यापीठाने अशा ट्रकना आणि बियरच्या पिंपांना मज्जाव केला, आणि सामना सुरू होताच तंबू उठवायचे असा नियम आणला. एनएफएलने ऑगस्ट २००८ मध्येच प्रेक्षकांसाठी आचारसंहिता जाहीर केली होती. शेजारचा माणूस त्रास देत असेल तर मोबाइलवरून गुपचूप संदेश पाठवून सुरक्षारक्षक बोलावण्याची सोय झाली, आणि हाकलून दिलेल्यांना परत यायचं तर अनेक ठिकाणी वर्तणुकीचा ऑनलाइन वर्ग पुरा करावा लागतो. सिएटलमध्ये तर पोलीसच पाहुण्या संघाच्या जर्सी घालून प्रेक्षकांत मिसळले, त्यांना कोण छेडतं हे बघायला. या उपायांमध्ये एक समान गोष्ट आहे: ते वेळेवर, वाहनावर, बाटलीवर किंवा नेमक्या माणसावर बोट ठेवतात, सगळ्या गर्दीला एका मापाने मोजत नाहीत.

मोबाइलच्या कॅमेऱ्याने मात्र हे नेमकं बोट ठेवण्याचं काम अधिकाऱ्यांच्या हातून काढून घेतलं आहे. जानेवारी २०२५ मध्ये फिलाडेल्फियातल्या बाद फेरीच्या सामन्यात एका ईगल्स चाहत्याने ग्रीन बे पॅकर्सच्या एका महिला चाहतीला अत्यंत गलिच्छ शिव्या दिल्या. तिच्या जोडीदाराने ते चित्रित केलं. काही दिवसांत क्लबने त्या इसमाला घरच्या सामन्यांना बंदी घातली आणि त्याची नोकरीही गेली. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी यांनी १९७६ मध्ये दाखवलं होतं की संघ जिंकला की विद्यार्थी ‘आपण जिंकलो’ म्हणतात आणि हरला की ‘ते हरले’. नाचक्की झाली तरी हेच घडतं: शहर म्हणालं, तो आमच्यातला नव्हे. पण त्याच स्टेडियमबाहेर त्याच्या सात वर्षं आधी मिनेसोटाच्या चाहत्यांवर बियरचे डबे फेकले गेले होते, आणि तेव्हा शरम वाटलेल्या कित्येक ईगल्स चाहत्यांनी मिनेसोटाच्या प्रशिक्षकांच्या संस्थेला देणग्या पाठवल्या होत्या. दुसऱ्याने केलेल्या गोष्टीची लाज वाटून खिशात हात घालणारे ते चाहते शहराच्या नावासाठी जे करून गेले ते एकट्या गुन्हेगाराला हाकलून साधत नाही.

क्लबांकडून आणि विद्यापीठांकडून एवढी मागणी तर करता येईलच: पार्किंगचे पैसे तुम्ही घेता, फाटक किती वाजता उघडायचं ते तुम्ही ठरवता, बियर तुम्ही विकता, तर प्रत्येक सामन्यामागे किती जणांना हाकललं, किती अटका झाल्या, किती जखमी झाले आणि लैंगिक अत्याचाराच्या किती तक्रारी आल्या हे दर हंगामाअखेर जाहीर करा. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने माहिती मागितली तेव्हा काही शहरांनी ती दिलीच नाही, काहींची अपुरी निघाली. ती दर वर्षी छापली गेली तर कुठल्या मैदानावरची फाटकं उशिरा उघडायला हवीत, कुठल्या कोपऱ्यात दिवे आणि पोलीस वाढवायला हवेत, हे सांताक्लॉजच्या गोष्टीवरून ठरवावं लागणार नाही.